लेंड्या मोजण्याचे दिवस

पाळीव सोबती : लेखांक ९

गेल्या आठवड्यात सशाच्या दातांविषयी लिहिलं होतं. आज गवताची पाळी होती, पण ती पुढे ढकलते. मधल्या काळात दोन वाचकांनी एकच प्रश्न विचारला: ससा जखमी झाला तर घरी काय करायचं? याचं उत्तर मला पुस्तकांआधी आमच्या भुरीनं शिकवलं.

श्रावणातली दुपार होती. बाल्कनीची जाळी एका कोपऱ्यात सुटली होती आणि हे मला आठ दिवसांपासून माहीत होतं. सोसायटीतला बोका तिथूनच आत शिरला. सासूबाईंनी काठी आपटून त्याला हुसकावलं, पण तोवर त्यानं भुरीला मागून धरलं होतं. मला स्वयंपाकघरात किंकाळी ऐकू आली. लहान मुलानं जिवाच्या आकांतानं ओरडावं तशी. ससा असा ओरडू शकतो हे तोपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. तो एरवी जवळजवळ मुका असतो, मरणाची भीती वाटली तरच ओरडतो.

भुरी कपाटाखाली जाऊन बसली होती. डोळे सताड उघडे, श्वास भराभर, अंग दगडासारखं. फरशीवर रक्ताचे तीन-चार थेंब. पहिली इच्छा झाली ती तिला ओढून काढून छातीशी धरण्याची. कुत्र्याला अशा वेळी आपली कुशी हवी असते. सशाचं तसं नसतं. ज्याला आत्ताच कुणीतरी वरून येऊन पकडलंय, त्याला वरून येणारा आपला हातही शिकाऱ्याचाच वाटतो. मी दार लावलं, पडदे ओढले, पंखा बंद केला आणि पुठ्ठ्याचं खोकं आडवं करून आत तिचाच वास असलेला टॉवेल अंथरला. खोकं कपाटाच्या तोंडाशी ठेवलं. दहा मिनिटांनी ती आपणहून आत गेली. रक्त जोरात वाहत असतं तर अर्थातच थांबता आलं नसतं. दीड-दोन किलोच्या सशाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम चहाच्या छोट्या कपाएवढं, शंभर मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं. त्यामुळे आपल्याला किरकोळ वाटणारा रक्तस्राव त्याला जड जातो. स्वच्छ सुती कापड जखमेवर पाच मिनिटं न उचलता दाबून धरायचं. मध्येच कापड उचलून बघितलं की जमू लागलेली गुठळी निघते.

इथे उचलण्याबद्दल सांगायलाच हवं, कारण सशाच्या कितीतरी भयंकर दुखापती बोक्यामुळे नाही, आपल्या हातांमुळे होतात. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के असतो; मांजराचा बारा-तेरा टक्के. हाडं अशी हलकी आणि त्यांच्यावर मागच्या पायांचे स्नायू मात्र जबरदस्त. घाबरलेल्या सशाला नुसतं छातीपाशी धरून उचललं आणि मागचं धड लोंबकळत राहिलं, तर तो सुटण्यासाठी जी लाथ मारतो त्या लाथेच्या जोरानंच त्याच्या कमरेचा मणका मोडू शकतो. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजानं पिंजऱ्यात धडपडूनही हे घडतं. म्हणून एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्यांखाली, आणि ससा आपल्या अंगाला टेकलेला. कान धरून उचलणं तर विसरूनच जा. मुलांनी ससा उभ्यानं उचलू नये, जमिनीवर बसून मांडीशेजारी घ्यावा. आमच्या घरी हा नियम आजही आहे. आणि पडल्यावर किंवा धडपडल्यावर मागचे पाय फरफटत असतील, तर त्याला उचलूच नका. जाड पुठ्ठा किंवा पोळपाट अलगद अंगाखाली सरकवा आणि तसंच दवाखान्यात न्या. पाय ओढून सरळ करून बघू नका.

भुरीचे पाय चालत होते. बाहेरून पाहता काहीच विशेष दिसत नव्हतं, आणि शेजारच्या काकूंनीही धीर दिला, “लागलं नाही गं फार, घाबरलीय नुसती.” जाताना त्यांनी मायेनं त्यांच्या नातवाचं अँटिबायोटिक सिरप आणून दिलं, थोडं उरलं होतं. मी ते देणारही होते. ससे बघणाऱ्या डॉक्टरांना फोन लागला म्हणून वाचलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “तोंडावाटे काही दिलं नाही ना?”

हे प्रत्येक ससा पाळणाऱ्यानं भिंतीवर लिहून ठेवावं. पेनिसिलिनच्या कुळातली अँटिबायोटिक औषधं, म्हणजे आपल्या घरोघरी असणारं अमॉक्सिसिलिनसुद्धा, सशाला तोंडावाटे दिली तर जीव घेऊ शकतात. क्लिंडामायसिनही तसंच. सशाच्या आतड्यातल्या मोठ्या पिशवीत, अंधांत्रात, गवत आंबवणारे उपयोगी जंतू असतात. या औषधांनी ते मरतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे जंतू माजतात आणि काही दिवसांत ससा हगवणीनं जातो. सशाला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, पण ती कोणती आणि किती, हे ससे बघणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आणखी एक. मांजर-कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा सशावर कधीही वापरू नये. त्यानं ससे दगावले आहेत.

दवाखान्यात डॉक्टरांनी मांडीवरचे केस मशीननं काढले आणि आम्ही गप्प झालो. चार भोकं होती, सुईनं टोचल्यासारखी. मांजराचे सुळे बारीक आणि लांब असतात. वर ठिपका दिसतो आणि आत घाण खोल जाते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात आणि ते सशाला फार बाधतात. म्हणून मांजराचं नख किंवा दात लागल्याची नुसती शंका असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सशाचा पूही आपल्यासारखा वाहता नसतो. तो चक्क्यासारखा घट्ट होतो, त्याभोवती जाड कातडी धरते, नुसतं चिरून तो निचरत नाही. गळू धरलं तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करून ते कवचासकट काढावं लागतं. डॉक्टरांनी जखमा सलाइननं धुतल्या आणि मला बजावलं, घरी हळद दाबायची नाही, डेटॉल लावायचं नाही, ती चाटते.

पण त्यांच्या कपाळावर आठी होती ती जखमांमुळे नव्हे. थर्मामीटरवर ३७.६ होतं. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. आपल्याला जे जवळपास नेहमीचं वाटेल ते सशासाठी धोक्याचं गार आहे. कान बर्फासारखे लागत होते. टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटल्यांमध्ये तिला ठेवलं, कातडीखाली सलाइन दिलं, वेदनाशामक टोचलं. मग डॉक्टर म्हणाले, “जखम मी बघतो. तुम्ही लेंड्या बघा.”

ते वाक्य मला त्या रात्री समजलं. सशाचं पोट म्हणजे सतत चालू असलेलं जातं आहे. गवत आत जात राहतं, पुढे सरकत राहतं, लेंड्या पडत राहतात, दिवसाला दोनशेच्या आसपास, कधी त्याहून जास्त. भीतीनं आणि दुखण्यानं शरीर एक गोष्ट पहिल्यांदा करतं, आतड्याची हालचाल थांबवतं. आतलं अन्न वाळून घट्ट होतं, वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून जातं आणखी मंदावतं. सशाला उलटीही करता येत नाही, त्यामुळे वरून मोकळं होण्याची सोय नाही. दहा-बारा तास ससा काहीही खात नसेल आणि लेंड्या पडत नसतील, तर सकाळची वाट बघायची नसते. बोक्याच्या तावडीतून सुटलेले ससे दोन दिवसांनी जातात आणि लोक म्हणतात भीतीनं गेला. त्यातल्या कितीतरी वेळा तो उपाशी आणि दुखऱ्या पोटानं गेलेला असतो, आणि ते थांबवता आलं असतं.

म्हणून आम्ही वही घातली. खोक्यात वर्तमानपत्र, त्यावर पांढरा सुती पंचा, आणि दर चार तासांनी मोजणी. पहिल्या रात्री अकरा वाजता शून्य. पहाटे तीनला चार, मोहरीपेक्षा जरा मोठ्या, काळ्या, टोकदार. निरोगी लेंडी वाटाण्याएवढी, गोल, तपकिरी असते आणि चिमटीत मोडली तर आत गवताचा भुसा दिसतो. माझा मुलगा तेव्हा सहावीत होता. आकार लिहायचं काम त्यानं मागून घेतलं.

भरवणं शिकावं लागलं. गवताची तयार पावडर डॉक्टरांकडे मिळाली. ती नसेल तेव्हा रोजचे पेलेट कोमट पाण्यात भिजवून मऊ लापशी करता येते. पोट ढोलासारखं फुगलं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय भरवायचं नाही. भुरीचं वजन १.८ किलो. दिवसाला साधारण ९० मिलिलिटर, सहा वेळा विभागून. टॉवेलात गुंडाळायचं, पण पोटावर बसलेलंच ठेवायचं. उताणं केलेला ससा शांत पडतो ते सुखानं नाही, भीतीनं थिजून. आणि तसं भरवलं तर अन्न श्वासनळीत जातं. पुढच्या दातांमागे गालाच्या बाजूला मोकळी जागा असते, सिरिंजचं टोक तिथून आत घालायचं, अर्धा-एक मिलिलिटर सोडायचं आणि चावून गिळेपर्यंत थांबायचं. एका खेपेला अर्धा तास जातो. सासूबाई धरायच्या, मी भरवायचे. त्यांचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत.

वेदनाशामकात हयगय करू नये हेही तेव्हाच कळलं. ससा दुखणं लपवतो, कारण रानात दुबळा दिसणारा आधी उचलला जातो. तो विव्हळत नाही. पाठ गोळा करून कोपऱ्यात बसतो, डोळे अर्धवट मिटतो, दात करकर वाजवतो. कुरवाळल्यावर होणारी दातांची हलकी कटकट निराळी. ही करकर मोठी आणि सावकाश असते. दुसऱ्या दिवशी औषधाची वेळ तासभर चुकली आणि ती करकर मी ऐकली. त्यानंतर मोबाइलवर गजर लावले.

सशाच्या दोन प्रकारच्या लेंड्या असतात हे या लेखमालेत पूर्वी आलं आहे. मऊ, द्राक्षांच्या घोसासारख्या असतात त्या तो थेट गुदापाशी तोंड नेऊन खातो. त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात. म्हणून सशाच्या गळ्यात कुत्र्यासारखी प्लास्टिकची कॉलर शक्य तोवर घालू नये, तोंड तिथे पोचत नाही. भुरीच्या पंच्यावर या मऊ लेंड्या तशाच पडलेल्या दिसू लागल्या. डॉक्टरांना कळवलं, तर म्हणाले, वाकताना मांडी दुखतेय. औषध बदललं.

पावसाळ्यात माश्यांचं भय मोठं. ओल्या, मुतानं भिजलेल्या केसांवर किंवा जखमेवर माशी अंडी घालते आणि दिवसाच्या आत अळ्या कातडी कुरतडू लागतात. दिवसातून दोनदा शेपटीखाली बघायचं, पंचा ओला झाला की बदलायचा, खोक्यावर मच्छरदाणी टाकायची. आम्ही बाळाची जुनी जाळीची छत्री वापरली.

जोडीचा ससा असेल तर त्याला वेगळं ठेवून बरेच दिवस जाऊ देऊ नका. दवाखान्याचा वास घेऊन परतलेला जोडीदार त्याला परका वाटतो आणि मारामारी होते. शक्य असेल तर दोघांना बरोबरच दवाखान्यात न्यावं. भुरी एकटीच होती. तिच्या शेजारी मुलगा जमिनीवर पालथा पडून गृहपाठ करायचा, हात न लावता.

तिसऱ्या दिवशी वहीत ३१ लेंड्या आहेत, पाचव्या दिवशी ९४. सहाव्या दिवशी सकाळी मी सिरिंज भरून आणली, तर ती खोक्याच्या तोंडाशी बसून कोथिंबिरीची काडी ओढत होती. टॉवेल पाहताच तिनं मागचा पाय फरशीवर धाडकन आपटला. सासूबाई आतून ओरडल्या, काय पडलं? काही पडलं नव्हतं. मी सिरिंज तशीच परत नेली आणि तिच्यापुढे गवताची मूठ ठेवली. वहीत त्या तारखेपुढे मुलाच्या अक्षरात लिहिलंय: “मोजल्या नाहीत. खूप आहेत.”

जाळी त्याच संध्याकाळी नवीन बसवली. पुढच्या आठवड्यात गवत.