मोटारसायकल घरांत येण्यापूर्वीं

गेल्या वैशाखांत एके रात्रीं जेवणें आटोपून आम्ही सर्व मंडळी ओसरीवर बसलों असतां माझ्या धाकट्या बंधूंच्या चिरंजिवानें विषय काढला. वय बावीस, येथल्याच औद्योगिक वसाहतींत नोकरी लागून वर्ष झालेलें, पगारांतून कांहीं शिल्लकहि टाकलेली. त्यास मोटारसायकल घ्यावयाची होती, आणि तीहि दूध-भाजी आणण्याची साधी गाडी नव्हे, तर शर्यतीच्या बांधणीची. बंधू एकदम म्हणाले, "मी असेपर्यंत ह्या अंगणांत ती गाडी उभी राहणार नाहीं." त्याची आई कांहींच बोलली नाहीं, व तें न बोलणें अधिक जड होतें. आमच्या मातोश्रींनीं मात्र एवढेंच विचारलें, "तिच्यावर मागें बसवून मला वालावलास लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला नेशील ना रे?" चिरंजीव खालीं पाहूं लागले, त्या गाडीच्या मागल्या चतकोर बैठकीवर पंचाऐशीं वर्षांच्या आजीस बसवणें त्यांनाहि कठीण दिसलें असावें.

शेवटीं सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें. मास्तरकी करून निवृत्त झालेल्या माणसास सर्व विषय कळतात असा घरोघर एक समज असतो. मीं चार दिवस मागून घेतले, कारण मला एक जुनी गोष्ट आठवत होती.

तिला पंचवीसांहून अधिक वर्षें झालीं. माझा एक विद्यार्थी होता. अकरावींत शिकणारा, शब्दरूपें न अडखळतां म्हणणारा. मोटारसायकलचें नांव काढूं नये अशी वडिलांची ताकीद होती, आणि मुलानें ती घरापुरती पाळली. एके संध्याकाळीं मित्राची गाडी घेऊन तो निघाला व पुलापलीकडच्या वळणावर गेला. मित्राचें हेल्मेट हँडलास लटकत होतें. दुसऱ्या दिवशीं मी त्या घरीं गेलों तेव्हां वडील एकच वाक्य पुनःपुनः सांगत राहिले: "मास्तर, मीं त्याला गाडी घेऊन दिली नव्हती हो." पुष्कळ वर्षें मला तें वाक्य त्यांच्या निरपराधीपणाची साक्ष वाटे, आणि त्याच्या आधारावर मींहि कित्येक पालकांस 'नको म्हणा' असाच सल्ला दिला. आतां वाटतें, त्या नकारानें मुलगा घरीं राहिला नाहीं. तो दुसऱ्याच्या गाडीवर, न शिकतां, न सांगतां आणि उघड्या डोक्यानें बसला. म्हणून चिरंजिवाच्या बाबतींत मीं प्रथम हें ठरविलें कीं, गाडी यावयाचीच असेल तर ती पुढल्या दारानें यावी, आणि घरच्यांनीं तिची पुरती ओळख करून घेतल्यावर यावी.

चार दिवसांचे तीन आठवडे झाले. गॅरेजमधल्या मिस्त्र्यांस विचारलें, चिरंजिवास विचारलें, जें वाचावयास मिळालें तें वाचलें. मीं स्वतः नोकरीचीं पहिलीं वर्षें लूनावर काढलीं, त्यामुळें दोन चाकांचें मला कळतें असा माझा ग्रह होता. तो लवकरच उतरला.

शर्यतीच्या बांधणीच्या गाडीचें हँडल खालीं असतें, पाय ठेवण्याचे खुंट मागें व वर असतात आणि पुढच्या बाजूस वारा कापण्यासाठीं कवच असतें. स्वार ताठ बसत नाहीं, ओणवा होतो. हें सर्व वेगांत लांब वळणें घेण्यासाठीं योजलेलें आहे. बाजारपेठेंतून, गतिरोधकांवरून आणि खड्ड्यांतून रोज दहा मैल जाणाऱ्यास तिनें मनगटें व कंबर दुखतात. पण हें मुलें पहिले दोन महिने कोणास सांगत नाहींत. त्याच इंजिनाची, परंतु कवच नसलेली व सरळ बसावयाची गाडीहि बहुधा मिळते. नवशिक्यास ती अधिक सोयीची.

शक्तीची कल्पना यावी म्हणून एक तुलना सांगतों. तीनशे सी.सी.च्या निन्जा गाडीची शक्ती ३९ अश्वशक्ती आहे. ज्या मारुती ८०० मध्यें आपण चार माणसें आणि पोरेंबाळें घालून गणपतीला गांवीं येत होतों, तिची सुमारें ३७ होती. मारुतीचें वजन सुमारें ६५० किलो. निन्जाचें १८० च्याहि आंत. म्हणजे मोटारीचा जोर पाऊणशें किलोच्या पोराच्या मांडीखालीं आला. आणि ही त्या जातींतली धाकटी, हजार सी.सी.च्या गाड्या दोनशे अश्वशक्तींपर्यंत जातात. अशा गाड्या आतां केवळ परदेशांतूनच येतात असेंहि नाहीं. बजाजची पल्सर २००१ सालीं निघाली आणि हौशी गाडीची चव मध्यम स्थितीच्या घरांना लागली. पुढें ऑस्ट्रियाच्या केटीएम जातीच्या गाड्याहि पुण्याजवळ चाकणला तयार होऊं लागल्या. यामाहाची आर १५ आपल्याकडे २००८ सालीं आली. तिचें आजचें इंजिन १५५ सी.सी.चें व शक्ती सुमारें १८. आरंभ करणाऱ्यास एवढी पुरे, असें माझें मत झालें. चिरंजिवाचें मन निन्जावर होतें.

मीं त्याच्याशीं वाद घातला नाहीं, गणित घातलें. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदास ११ मीटर जाते. समोर गुरूं आलेलें डोळ्यांनीं पाहून हात ब्रेकवर पडेपर्यंत सेकंद जातो. मग कोरड्या डांबरावर, चांगला ब्रेक लागला तर, आणखी ९ मीटर. एकूण २०. वेग ८० केला तर तो एक सेकंद २२ मीटर खातो आणि ब्रेकचें अंतर दुप्पट न होतां चौपट, म्हणजे ३५ मीटर होतें; एकूण ५७. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत ऊर्जा वाढते हें त्यानें कॉलेजांत पाठ केलेलें होतें. परंतु ओसरीपासून तुळशीवृंदावन ओलांडून, फाटक ओलांडून, समोरच्या माडापर्यंत तें अंतर पावलांनीं मोजून दाखविलें तेव्हां तो गप्प झाला. बंधूहि उठून पाहूं लागले.

दुसरा धडा एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या सिमेंटच्या आवारांत झाला. मालकाच्या परवानगीनें रविवारीं सकाळीं आम्ही दोघे जात असूं. मी चुन्याची रेघ ओढून टेप घेऊन उभा. तो घरच्या जुन्या १२५ सी.सी.च्या गाडीवर. रेघेवर ४० च्या वेगानें यावयाचें आणि थांबावयाचें. पहिल्या दिवशीं त्यानें मागला ब्रेक दाबला. चाक जाम होऊन घसरत गेलें, आणि गाडी १९ मीटरांवर थांबली. पुढल्या ब्रेकला त्यानें हातच लावला नाहीं. लहानपणीं सायकलवर 'पुढचा ब्रेक दाबशील तर उलटशील' असें आपणच मुलांना शिकवतों ना! वस्तुतः गाडी थांबूं लागली कीं तिचें वजन पुढल्या चाकावर येतें आणि मागलें हलकें होतें. म्हणून थांबविण्याचें बहुतेक काम पुढलें चाकच करूं शकतें. तो ब्रेक झटक्यानें ओढावयाचा नाहीं. लिंबू पिळावें तसा, आधीं हलका व मग घट्ट, आवळत न्यावयाचा, हँडल सरळ ठेवून. सहाव्या रविवारीं तोच मुलगा त्याच गाडीवर १० मीटरांत थांबला. तें ९ मीटरांचें अंतर म्हणजे आमच्या घरचें अंगण. पुढें पाऊस आला, तेव्हां ओल्यावरचा अभ्यासहि झाला, आणि अंतर पुन्हां वाढलें.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील प्रत्येक नव्या दुचाकीस चाक जाम होऊं न देणारी योजना, जिला सर्वजण एबीएस म्हणतात, ती सक्तीची आहे. ती दोन्ही चाकांस असलेली गाडी घ्यावी. परंतु एबीएस चाकास फिरतें ठेवतें; खडीवर किंवा शेणावर पकड निर्माण करीत नाहीं.

वळणाचें शास्त्र मला अधिक रमणीय वाटलें. वेगांत डावीकडे वळावयाचें तर डावें हँडल पुढें ढकलावें लागतें. म्हणजे पुढलें चाक क्षणभर उजवीकडे जातें, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. हें मीं प्रथम खोटेंच मानलें. चिरंजिवानें अंगणांतली काठी तळहातावर उभी धरावयास सांगितली. काठी डावीकडे झुकवावयाची तर हात आधीं उजवीकडे न्यावा लागतो! मालवणच्या होडीवरचा तांडेल सुकाणूची दांडी इकडे लोटतो आणि नाव तिकडे वळते, तें मीं जन्मभर पाहिलें होतें. पण दुचाकीवर तसें कांहीं घडत असेल असें मनांत आलें नव्हतें. सायकल चालविणारा प्रत्येक मनुष्य हें नकळत करतो. संकटाच्या वेळीं मात्र नकळत केलेलें कामास येत नाहीं. घाबरलेला स्वार हँडल ताठ धरतो आणि ज्या खड्ड्याकडे टक लावून पाहतो त्यांतच जातो. म्हणून नजर खड्ड्यावर न ठेवतां, जावयाच्या वाटेवर ठेवण्याची संवय करावी लागते.

आतां डोक्याविषयीं. अरबस्तानांत नांव मिळविलेला इंग्रज सेनानी लॉरेन्स मे १९३५ मध्यें आपल्या ब्रफ सुपीरियर गाडीवरून जात असतां दोन सायकलस्वार मुलांना चुकवितांना पडला, आणि बेशुद्ध अवस्थेंत सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. तो मृत्यू त्यांच्या मनांतून गेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत निरोप नेणारे लष्करी मोटारसायकलस्वार मोठ्या संख्येनें मरूं लागले तेव्हां केर्न्स यांनीं डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ सालीं तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं ब्रिटिश लष्करांत स्वारांना शिरस्त्राण सक्तीचें झालें. ब्रिटनमधल्या साध्या नागरिकांस ती सक्ती होण्यास १९७३ साल उजाडलें. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें चालविणारा व मागें बसणारा दोघांसहि तें बंधनकारक आहे. घ्यावयाचें तें हनुवटी झांकणारें, आय.एस.आय. छापाचें, डोक्यावर घट्ट बसणारें. पट्टा लावलेला नसेल तर तें टोपीच समजावें. एकदां जोराचा आघात झालेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी टाकून द्यावें, कारण आंतला थर एकदांच दबण्यासाठीं असतो. हातमोजेहि चैनीचे नव्हेत. पडणारा मनुष्य आधीं तळहात टेकतो. घोटा झांकणारे बूट आणि आपल्या दमट हवेसाठीं जाळीचें, कोपर-खांद्याशीं गाद्या असलेलें जाकीट, हा सर्व खर्च गाडीच्या आधीं काढून ठेवावा. गाडी घेतल्यावर उरेल त्यांतून हेल्मेट, हा हिशेब आमच्या घरीं मान्य झाला नाहीं.

कायद्याचें थोडक्यांत. गिअरच्या मोटारसायकलसाठीं वय १८ पुरें हवें. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यावर तीस दिवसांनीं पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. आपल्या जिल्ह्याचें कार्यालय ओरोसला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. 'जरा चक्कर मारून येतो काका' म्हणणाऱ्या शेजारच्या मुलास किल्ली देणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

पैशाच्या बाबतींत दैव चिरंजिवास अनुकूल झालें. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरील गाड्यांस मात्र ४० टक्के लागला. नव्या दुचाकीस पांच वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा एकदम काढावा लागतो. त्यांत आपल्या गाडीची नुकसानी येत नाहीं, ती निराळी. शिवाय चेन दर चार-पांचशे किलोमीटरांस पुसून तेल द्यावयाची, आणि खाऱ्या वाऱ्यांत व पावसांत त्याहून लवकर. टायरची हवा आठवड्यास पाहावयाची. घेण्यापूर्वीं दुकानदारास एक प्रश्न अवश्य विचारावा: ह्या गाडीची दुरुस्ती जवळांत जवळ कोठें होते? उत्तर कोल्हापूर किंवा पणजी असें आलें तर तेवढे फेरे किंमतींत धरावे.

आणि आमचा रस्ता! पुस्तकांतलीं अंतरें कोरड्या डांबरावरचीं. मृगाच्या पहिल्या सरीनें उन्हाळ्यांतलें तेल आणि धूळ वर येऊन रस्ता साबणासारखा होतो. तो पहिला दिवस घरीं बसण्याचा. चिऱ्याच्या खाणींतून निघालेले ट्रक लाल माती रस्त्यावर पसरीत जातात. आंबोलीच्या घाटांत धुकें उतरलें म्हणजे पुढचें वळण दिसत नाहीं, आणि सावलींतल्या कडेवर शेवाळ असतें. महामार्ग रुंद झाला, तसा वेग वाढला. परंतु बाजूच्या गांवांतलीं गुरें आणि म्हातारीं माणसें तिन्हीसांजेला पूर्वींच्याच पावलांनीं तो ओलांडतात. वेगाची खरी हौस भागवावयाची तर त्यासाठीं बांधलेल्या वाटा आहेत: चेन्नईजवळची १९९० पासूनची, कोइमतूरची २००३ ची, आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाची २०११ ची, जेथें सप्टेंबर २०२३ मध्यें जगांतले पहिल्या प्रतीचे स्वार धांवले. चेन्नईच्या वाटेवर साध्या स्वारांसाठींहि शिकवणीचे वर्ग भरत आले आहेत. शिल्लक त्या वर्गासाठीं टाकावी, असें मीं सुचविलें आहे.

दसऱ्यास १५५ सी.सी.ची गाडी अंगणांत आली. करार असा झाला कीं, वर्षभर हीच चालवावी, पहिल्या सहा महिन्यांत रात्रीं व मागें कोणास घेऊन जाऊं नये, आणि निन्जाचा विषय पुढल्या दसऱ्यास काढावा. बंधूंनीं हार घातला, पण ते अजून तिच्यावर बसलेले नाहींत. मातोश्री वालावलास रिक्षानें जाऊन आल्या. त्याची आई हल्लीं सायंकाळीं स्वयंपाकघराच्या खिडकीशीं काम काढते, आणि फाटकाशीं गाडीचा आवाज येऊन बंद होईपर्यंत पानें मांडत नाहीं.