फळी म्हणजे रॅम्प नव्हे!

गेल्या महिन्यात एका नाट्यगृहात व्हीलचेअरसाठी पायऱ्यांवर चक्क प्लायवूडची फळी टाकलेली पाहिली. तिघांनी मागून ढकललं, तरी खुर्ची घसरतच होती. रॅम्पचं गणित साधं आहे, 1:12. एक फूट चढायला बारा फूट उतार. म्हणजे तीन फुटी रंगमंचासाठी किमान 36 फूट! (हो, रंगमंचही. अपंग माणूस फक्त प्रेक्षकच असतो, असं कोणी ठरवलं?)

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 29 खास संस्कृती आणि मनोरंजनाबद्दल आहे. मनात आणलं तर जमतंही: दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात दृष्टिहीनांसाठी ‘अनुभव’ दालन आहे. तिथे मूर्तींच्या प्रतिकृती हाताने चाचपून ‘बघता’ येतात. नाहीतर एरवी सगळीकडे ‘हात लावू नये’ची पाटी!