टबातलं कमळ, कुंडीतला निशिगंध

कमळकाकडी आडवी कापली की चकतीभर भोकं दिसतात. उल्हासनगरच्या सिंधी घरांत या चकत्यांची भाजी होते, काश्मिरात हिलाच नदरू म्हणतात. कमळाचा सारा संसार या भोकांवर चालतो. तळ्याच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच. पाण्यावर आलेली पानं हवा आत घेतात, ती देठातल्या पोकळ नळ्यांतून चिखलातल्या आडव्या खोडापर्यंत उतरते आणि दुसऱ्या देठातून वर निघून जाते. म्हणूनच डोक्यावर वीतभर पाणी उभं असतानाही कमळ गुदमरत नाही.

निशिगंधाच्या कंदाकडे ही सोय नाही. ऐन पावसाळ्यात कुंडीचं भोक बुजलं आणि काही दिवस पाणी साचून राहिलं, की कंद मऊ पडतो आणि सडतो. घरच्या बागेत यांपैकी काय लावावं, हा प्रश्न दरवर्षी अनेकांना पडतो. दोघांनाही भरपूर ऊन लागतं, दोघांचाही फुलण्याचा भर पावसाळ्यात असतो आणि दोघंही आपली शिदोरी जमिनीखाली साठवतात. पाण्याच्या बाबतीत मात्र दोघांची तोंडं दोन दिशांना आहेत.

दोघांचं गणगोतही वेगळं आहे. दिसायला कमळ कुमुदिनीचं भावंड वाटतं, पण वनस्पतिशास्त्राने हे नातं केव्हाच मोडीत काढलं आहे. नेलम्बो न्यूसिफेरा हे आपलं कमळ आणि अमेरिकेतलं पिवळं कमळ, एवढ्या दोनच जाती या कुळात आज उरल्या आहेत. त्यांचे जवळचे नातेवाईक जमिनीवरचे वृक्ष आहेत. चिनार हा त्यांतला एक आणि आपल्याकडे रस्त्याकडेला लावला जाणारा सिल्व्हर ओक हा दुसरा. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. पूर्वी त्याचा वंश वेगळा धरत, आता शास्त्रज्ञांनी त्याला अगेव्ह वंशात, म्हणजे शेताच्या बांधावरच्या घायपाताच्या पंगतीला बसवलं आहे. घायपात आयुष्यात एकदा फुलतो आणि मरतो. निशिगंधाचा कंदही एकदाच दांडा देतो. पुढच्या वर्षीची फुलं त्याच्या भोवती धरलेल्या पिल्लांवर येतात.

फुलण्याच्या वेळाही उलट्या. कमळ सकाळी उमलतं, दुपारच्या आत मिटायला लागतं आणि तीन-चार दिवसांत पाकळ्या गाळून मोकळं होतं. या अवधीत ते एक अजब काम करतं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वनस्पती उद्यानात रॉजर सेमूर आणि पॉल शुल्त्झ-मोटेल यांनी फुलांचं तापमान मोजलं. बाहेर 10 अंश असो वा 30, फूल स्वतःला 30 ते 36 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखत होतं. 1996 मध्ये हे निरीक्षण ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. परागीभवन करणाऱ्या कीटकांना फुलातली ऊब मानवते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

निशिगंधाचा कारभार दिवेलागणीनंतर सुरू होतो. दांड्यावरच्या कळ्या खालून वर उमलत जातात आणि सुगंध रात्री गडद होतो. पांढरा रंग, लांब नळी आणि रात्रीचा वास ही सगळी तयारी निशाचर पतंगांसाठी. फूल खुडल्यावरही त्यात सुगंध तयार होत राहतो. त्यामुळे फ्रान्समधल्या ग्रास गावातले अत्तरवाले पूर्वी ही फुलं थंड चरबीच्या थरावर पसरून ठेवत आणि चरबीत मुरलेला वास काढून घेत.

कमळाला हवं काय? तळंच पाहिजे असं नाही. दीड-दोन फूट रुंद, फूटभर किंवा जास्त खोल, भोक नसलेला टब पुरतो. टब गोल असलेला बरा. चौकोनी टबात आडवं खोड कोपऱ्यात अडकतं आणि वाढीचा शेंडा मोडतो. अर्धा टब काळी किंवा तळ्यातली गाळमाती, वर चार-सहा इंच पाणी आणि दिवसाला निदान सहा तास ऊन. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंद बसवताना टोकाच्या कोंबाला धक्का लागू द्यायचा नाही. कोंब गेला की कंदाचा तो भाग वाया गेला. पहिली पानं पाण्यावर तरंगतात, नंतरची देठ उंचावून उभी राहतात. त्यानंतर कळ्यांची वाट पाहायची.

गच्चीवर टब ठेवणाऱ्यांनी आधी वजनाचा हिशेब करावा. 60 सेंटीमीटर रुंद आणि 40 सेंटीमीटर खोल टब ओल्या माती-पाण्याने भरला की सव्वाशे किलोच्या पुढे जातो. दुसरी काळजी डासांची. टबात गप्पी मासे सोडले की डासांच्या अळ्या शिल्लक राहत नाहीत. हे मासे ओढ्यात किंवा नैसर्गिक तळ्यात मात्र सोडू नयेत, तिथल्या जीवांना ते डोईजड होतात.

बियांपासूनही कमळ उगवतं. बीचं कवच इतकं टणक असतं, की ते एका टोकाला घासून पातळ केल्याशिवाय पाणी आत जात नाही. या कवचाची ताकद जेन शेन-मिलर यांनी दाखवून दिली. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या तळातून मिळालेली सुमारे 1,300 वर्षांपूर्वीची बी त्यांनी रुजवली. बाजारातून बी घेताना मात्र सावध राहावं. निळ्या कमळाच्या नावाखाली विकली जाणारी बी कमळाची नसते. खऱ्या कमळात पांढरा, गुलाबी आणि अमेरिकन जातीत पिवळा एवढेच मूळ रंग आहेत. निळी फुलं कुमुदिनीला येतात. शिवाय बीपासून आलेलं रोप आईसारखंच फूल देईल याची हमी नसते, म्हणून हवा तो वाण कंदानेच आणावा. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने 2023 मध्ये 108 पाकळ्यांचं ‘नमोह 108’ हे कमळ पुढे आणलं. तेही कंदावरच वाढवावं लागतं.

निशिगंधाची तऱ्हा सोपी. एप्रिल-मेमध्ये सुपारीहून थोडे मोठे, निरोगी कंद दोन-तीन इंच खोल लावायचे. दहा-बारा इंची कुंडीत तीन-चार कंद मावतात. माती भुसभुशीत, शेणखत कुजलेलं आणि तळाचं भोक उघडं असलं की काम झालं. तीन-साडेतीन महिन्यांत दांडे दिसतात. हिवाळ्याच्या अखेरीस पानं पिवळी पडली की कंद काढून सावलीत सुकवता येतात, किंवा दोन-तीन वर्षं तिथेच ठेवता येतात. पुढे गर्दी होऊन फुलं बारीक पडू लागली, की कंद वेगळे करून नव्याने लावायचे.

या सोपेपणामुळेच निशिगंध शेतात शिरला. पुण्याच्या मार्केट यार्डात आणि दादरच्या फूलबाजारात तो गुलछडी या नावाने किलोवर विकला जातो. गणपती ते दिवाळी या काळात त्याला मोठी मागणी असते. हारांसाठी लागतो तो एकेरी पाकळ्यांचा प्रकार, त्याला वासही जास्त. गुच्छ आणि फुलदाणीसाठी दुहेरी पाकळ्यांचा. बेंगळुरूजवळच्या हेस्सरघट्टा इथल्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे शृंगार आणि प्रज्वल हे एकेरी वाण, सुवासिनी हा दुहेरी. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी हा या पिकाचा जुना वैरी. शृंगार त्याला बऱ्यापैकी तोंड देतो. घरी एकाच कुंडीत वर्षानुवर्षं निशिगंध ठेवणाऱ्यांनी म्हणूनच माती बदलत राहावी.

खर्चात आणि मेहनतीत निशिगंध उजवा ठरतो. चार कंद वाया गेले तरी फारसं बिघडत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात फूल हाती लागतं. कमळ जागा, वजन, ऊन आणि धीर अशा चारही गोष्टी मागतं. त्या बदल्यात टबाचं लहानसं तळं होतं. चतुर येतात, बेडूक येतात आणि पावसाचे थेंब पानावरून मातीचे कण घेऊन घरंगळतात. या पानांचा अभ्यास करून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी स्वतःच धुऊन निघणाऱ्या पृष्ठभागांचं तंत्र मांडलं आणि त्यावरून इमारतींचे रंग बनले.

तेव्हा निवड घरातल्या माणसांच्या वेळापत्रकावर करावी. सकाळी आठला घर सोडून रात्री परतणाऱ्या कुटुंबाला कमळ बहुधा मिटलेलंच दिसेल, त्यांनी सज्जात निशिगंध लावावा. सकाळी अंगणात वावरणारं कोणी घरात असेल आणि जमिनीवर उन्हाची जागा असेल, तर कमळाला पर्याय नाही. बागेचा पहिलाच प्रयोग असेल तर निशिगंधापासून सुरुवात करावी. दोन्ही हवे असतील तर टब फेब्रुवारीत भरावा, कंद एप्रिलमध्ये पुरावेत आणि टब ओसंडून वाहील तेव्हा ते पाणी निशिगंधाच्या कुंडीत जाणार नाही एवढं अंतर दोघांत ठेवावं.