चार मिलिअँपिअरचा संसार

कारखान्यातली दहा मीटर उंचीची टाकी, निम्मी भरलेली. तिला बसवलेल्या ट्रान्समीटरमधून दोन तारा कंट्रोल रूमकडे जातात. टाकी रिकामी असेल तर तारांतून ४ मिलिअँपिअर करंट वाहतो, काठोकाठ भरली तर २०. म्हणजे आत्ता १२. सकाळी मीटर १२.००० दाखवतो. दुपारी उन्हात ट्रान्समीटरचा डबा तापतो आणि आकडा १२.०२४ होतो. टाकीत थेंबही पडलेला नाही, तरी पातळी दीड सेंटिमीटर चढली. टाकीचा व्यास दहा मीटर असेल, तर कागदावर जवळपास बाराशे लिटर माल आपसूक वाढला!

ही करामत व्होल्टेज रेफरन्स नावाच्या इवल्याशा चिपची. तराजूत वजनाचं जे काम, तेच इथे तिचं. वजनच हललं तर तराजू कितीही नाजूक असून उपयोग काय? आपल्या उदाहरणातली चिप दर अंशाला दशलक्षात ५० भाग सरकते. डबा २५ अंशांवरून ६५ वर गेला की ४० गुणिले ५०, म्हणजे ०.२ टक्के चूक.

मग सर्वांत अचल रेफरन्स का बसवू नये? एलएम३९९ सारखी झेनर चिप स्वतःला तापवून एकाच तापमानावर ठेवते, पण त्यासाठी साधारण ३०० मिलिवॉट खाते. इथे २४ व्होल्टच्या लाइनवर ४ मिलिअँपिअर म्हणजे शंभर मिलिवॉटही नाहीत. निरोप नेणाऱ्या त्याच दोन तारांवर ट्रान्समीटरचं पोटही चालतं. शून्याऐवजी ४ पासून मोजणी सुरू होते ती त्यासाठीच, आणि तार तुटली तर ती रिकाम्या टाकीसारखी दिसू नये म्हणूनही. बिघाड कळवायला करंट ३.६ पर्यंत उतरवावा लागतो. त्यामुळे सेन्सर, प्रोसेसर आणि रेफरन्स यांचा संसार साडेतीनमध्येच भागवायचा. सर्रास वापरात असलेल्या टीएल४३१ ला भरवशाने चालायला एक मिलिअँपिअर द्यावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर तो परवडत नाही.

वाट काढली बँडगॅप रेफरन्सने. ट्रान्झिस्टरच्या जंक्शनवरचा व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. वेगवेगळ्या करंट-घनतेवर चालणाऱ्या दोन जंक्शनमधला फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले की सुमारे १.२ व्होल्टवर घट आणि वाढ एकमेकींना खाऊन टाकतात. बॉब विड्लर यांनी १९७० च्या सुमारास ही युक्ती चिपवर उतरवली. आज पाच मायक्रोअँपिअरहून कमी करंटवर चालणाऱ्या अशा चिप मिळतात. कमी खाणाऱ्या चिपचा आवाज, म्हणजे नॉइज, बहुधा जास्त असतो. पण टाकीची पातळी सावकाश बदलते, त्यामुळे सरासरी काढून तो दाबता येतो.

म्हणून डेटाशीट उघडल्यावर ‘सुरुवातीची अचूकता’ या ओळीवर भाळू नये. ती चूक कॅलिब्रेशनच्या टेबलावर एकदाच पुसता येते. तापमानाची चूक रोज दुपारी परतते. थोडा जास्त करंट मोजून दर अंशाला १० भागांची चिप घेतली, तर दीड सेंटिमीटरचे तीन मिलिमीटर होतात आणि आपसूक वाढलेला माल २४० लिटरच्या आत येतो.