प्रबंध असणे आणि प्रबंध सापडणे : मुक्त संशोधन-भांडारे व मराठी अभ्यासक

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या कालखंडातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढील अडचण ग्रंथ नसल्याची नव्हती. असलेल्या ग्रंथांचा पत्ता नसल्याची होती. मराठी विभागांतून सिद्ध होणाऱ्या पीएच.डी. प्रबंधांच्या संदर्भात तीच अडचण आज वेगळ्या रूपाने जाणवते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पदवीप्राप्त प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राचे ‘शोधगंगा’ हे मुक्त भांडार या तरतुदीमुळे वाढले. नोंदणी झालेल्या विषयांचे आराखडे ‘शोधगंगोत्री’त ठेवण्याची सोय आहे. पूर्वी नागपूरच्या अभ्यासकाला मुंबईच्या विद्यापीठातील प्रबंध पाहायचा, तर प्रवास करून ग्रंथालयात बसून टिपणे काढावी लागत. आता तोच प्रबंध घरी वाचता येतो. एकाच कादंबरीकारावर तीन ठिकाणी तेच काम चालले असेल, तर निदान ते कळण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

शक्यता म्हटले, याला कारण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि काही ठिकाणी नंतरही, मराठी प्रबंध जुन्या फाँटमध्ये टंकलिखित होत. या फाँटमध्ये देवनागरी अक्षराचे केवळ चित्र असते. त्यामागे संगणक रोमन अक्षरांची किंवा चिन्हांची नोंद ठेवतो. पृष्ठ डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते, परंतु त्यातील एखादा परिच्छेद उचलून अन्यत्र ठेवला की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उमटते. अशा प्रबंधात ‘ओवी’ हा शब्द शेकडो वेळा आला असला तरी शोध घेणाऱ्याला तो एकदाही सापडत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो (‘क’चा २३२५), म्हणून मजकूर खऱ्या अर्थाने शोधता येतो. अर्थात तेथेही मराठीचे स्वतःचे दुखणे आहेच : ‘तऱ्हा’मधील अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी नोंदवता येतो. वाचकाला फरक दिसत नाही. यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटू शकतात.

दुसरी अडचण वर्णनात्मक नोंदीची, आणि माझ्या मते तीच अधिक गंभीर. शीर्षक काही वेळा देवनागरीत, काही वेळा रोमन लिपीत, तर काही वेळा इंग्रजी भाषांतराच्या रूपात नोंदवले जाते. एकटे ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत किमान तीन प्रकारे लिहिले जाते, कारण ‘ज्ञ’चा उच्चार मराठीत एक, हिंदीत दुसरा आणि संस्कृतज्ञांच्या लिप्यंतरात तिसरा. परिणामी ज्ञानेश्वरीवरील प्रबंध एकाच भांडारात असूनही परस्परांना अनोळखी राहतात. शीर्षक मूळ लिपीत, त्यालगत रोमन लिप्यंतर, आणि विषयदर्शक शब्द दोन्ही भाषांत, एवढी नोंद संशोधकाने स्वतः लिहून दिली तर हा गोंधळ बराच आवरेल. आपल्याकडे हे काम प्रबंध सादर करण्याच्या गडबडीत टंकलेखकावर सोपवले जाते!

लेखकाच्या नावाचेही तेच. आद्याक्षरांनी लिहिलेले नाव, समान आडनावे, विवाहानंतर बदललेले नाव, यांमुळे एकाच व्यक्तीचे लेखन विखुरते. २०१२ पासून उपलब्ध असलेला ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक विनामूल्य मिळतो आणि नाव बदलले तरी तोच राहतो.

शोधनिबंधांच्या बाबतीत प्रकाशकाशी झालेला करार पाहावा लागतो. नियतकालिकाची मुद्रित पृष्ठे भांडारात ठेवण्यास अनेकदा मनाई असते, पण स्वीकृत हस्तलिखित ठेवण्यास पुष्कळ प्रकाशक अनुमती देतात.

राहिले २००९ पूर्वीचे प्रबंध. पिवळ्या पडलेल्या टंकलिखित प्रतींची छायाप्रत करून त्या जतन करता येतील. पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये आणणे खर्चाचे असले, तरी निदान शीर्षक, अनुक्रमणिका आणि सारांश पुन्हा टंकित करणे कोणत्याही विभागाच्या आवाक्यात आहे. मात्र १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार अधिनियमानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या निधनानंतरही ६० वर्षे टिकतो, आणि अप्रकाशित प्रबंधावरील हक्कही लेखकाबरोबर संपत नाही. तेव्हा पूर्ण प्रत खुली करण्याआधी लेखकाला, तो नसल्यास त्याच्या वारसांना, पत्र पाठवून लेखी संमती घ्यावी लागेल.