बाण टेकला, बटण उजळलं

वेब पानावरच्या बटणावर माऊसचा बाण नेला की बटण उजळतं, बाजूला घेतला की पुन्हा पहिल्यासारखं. याला म्हणतात रोलओव्हर. 1996 साली नेटस्केप नॅव्हिगेटर 3.0 हा ब्राउझर आला, त्यात जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला पानावरची चित्रं बदलण्याची सोय मिळाली आणि जो तो बटणं उजळवत सुटला.

खरं तर बटण बदलत नाहीच. एक चित्र काढून त्याच जागी दुसरं ठेवलं जातं, बाण हलला की पहिलं परत. दोन्ही चित्रं एकाच मापाची हवीत, नाहीतर दुसरं त्या चौकटीत कोंबल्यासारखं दिसतं.

गोची होती ती वेळेची. 28.8 किलोबिटच्या मोडेमवर 10 किलोबाइटचं चित्र उतरायला जवळजवळ 3 सेकंद लागत. तोवर बाण कुठच्या कुठे गेलेला! म्हणून पान उघडतानाच दुसरं चित्र गुपचूप आणून ठेवायचं, म्हणजे ‘प्रीलोड’ करायचं. पुढे ड्रीमवीव्हरसारखी सॉफ्टवेअरं हा सगळा कोड स्वतःच लिहून देऊ लागली; तो भलताच लांबलचक असे, पण चालायचा.

मग पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतल्या ‘हॉवर’ने, म्हणजे बाण वर असतानाच्या अवस्थेने, जावास्क्रिप्टची गरजच संपवली. मात्र इंटरनेट एक्सप्लोरर 6 हा ब्राउझर हॉवर फक्त लिंकवरच मानायचा, त्यामुळे कशालाही लिंकचं सोंग घ्यायला लावावं लागे. दुसऱ्या चित्राची वाट पाहणं मात्र उरलंच होतं. त्यावर 2004 मध्ये डेव्ह शे यांनी ‘ए लिस्ट अपार्ट’ या वेब डिझाइनच्या नियतकालिकात ‘सीएसएस स्प्राइट’ची युक्ती मांडली. ती जत्रेतल्या बायोस्कोपसारखी आहे: भोक तेच, आतली पट्टी सरकते. समजा, बटण 30 पिक्सेल उंच आहे. चित्र करायचं 60 पिक्सेलचं. वरच्या अर्ध्यात साधं बटण, खालच्या अर्ध्यात उजळलेलं. बाण आला की चित्र 30 पिक्सेल वर सरकवायचं. एकच फाइल, ती आधीच उतरलेली, मग वाट कसली बघायची?

आता तर रंग, सावली, आकार बदलायला बहुतेकदा दुसरं चित्रही लागत नाही. सीएसएसच्या ‘ट्रान्झिशन’ला 0.2 सेकंद दिले की बदल झटक्याने न होता अलगद होतो. त्याहून जास्त लांबवला तर मात्र बटण आळसावल्यासारखं वाटतं.

टचस्क्रीनवर या साऱ्याची पंचाईत होते. बोट काचेवर टेकतं किंवा टेकत नाही, बाणासारखं नुसतं घुटमळत नाही. आयफोनवर काही मेनू पहिल्या टिचकीला नुसते उघडतात आणि लिंकसाठी दुसरी टिचकी मारावी लागते, ती यामुळेच. म्हणून जाणकार डिझायनर सीएसएसमधूनच आधी विचारतात, या यंत्राला हॉवर जमतं का? शिवाय कीबोर्डच्या टॅबने फिरणाऱ्यांसाठी तोच बदल ‘फोकस’लाही, म्हणजे टॅबने बटणावर आल्याच्या अवस्थेलाही, जोडून ठेवतात.