बोटीचा पंखा कोण बघतं?

पूर आला की मोटर किती हॉर्सपॉवरची, हे सगळे विचारतात. पण भरलेली बोट धारेविरुद्ध निघणार की जागेवरच घुरघुरत बसणार, हे पाण्याखालचा छोटा पंखा ठरवतो.

वाशिममध्ये आणि मोटरबोट? समुद्र तर इथून शेकडो किलोमीटर लांब. पण पैनगंगा, अडाण, अरुणावती पावसाळ्यात कशा फुगतात, हे रिसोड-मानोऱ्याच्या पोरांना वेगळं सांगायला नको. २०२३च्या जुलैत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या असतात नागपूरला आणि धुळ्याला. त्या पोहोचेपर्यंत पाण्यात उतरतात ती जवळची पथकं, आणि त्यात बहुतेक आपल्याच वयाची पोरं. हाताशी असते रबरी बोट आणि मागे अडकवलेली आउटबोर्ड मोटर, म्हणजे ‘ओबीएम’. या मोटरची सगळी ताकद पाण्यात उतरते ती फक्त पंख्यातून.

दोन आकड्यांचा खेळ

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. समजा, १० × १२. पहिला आकडा व्यास, तोही इंचात. दुसरा पिच. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो ना, तसंच हे. १२ पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर १२ इंच पुढे जाणार. पाणी मात्र लाकडासारखं घट्ट नसतं, ते निसटतं. त्यामुळे प्रत्यक्षात बोट त्याहून कमीच सरकते. या फरकाला ‘स्लिप’ म्हणतात.

मग जास्त पिच घेतला की जास्त स्पीड, असं वाटतं. रिकाम्या बोटीला ते बऱ्यापैकी लागूही पडतं. पण ट्रॅक्टर चौथ्या गिअरमध्ये टाकून नांगर ओढायला लावा, काय होतं? इंजिन दबतं. पुरातून सहा माणसं घेऊन येणाऱ्या बोटीचं तेच होतं. पिच जास्त असला की इंजिनाचे फेरे चढत नाहीत, ते तापतं, आणि धारेविरुद्ध बोट रखडते. उलट पिच फारच कमी असला तर इंजिन विनाकारण ओरडतं, फेरे मर्यादेबाहेर जातात. म्हणजे बचावाच्या बोटीला हवा तुलनेनं कमी पिचचा, ओढीचा पंखा.

पंख्याचं माप किती महत्त्वाचं, हे जगाला एका अपघातातून कळलं. १८३७ साली लंडनजवळच्या कालव्यात फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांच्या बोटीचा लाकडी स्क्रू आदळून अर्धा तुटला, आणि बोट आधीपेक्षा जोरात पळायला लागली!

चाचणी भरल्या बोटीची

मोटरच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला फेरे किती हवेत, याची मर्यादा दिलेली असते. समजा ती ५,००० ते ६,००० आहे. आता बोटीत खरं ओझं भरा. एका माणसाचे ७५ किलो धरले तर सहा माणसांचे ४५० किलो, म्हणजे ५० किलोचे नऊ कट्टे वाळू. चालकाचं वजन त्यात धरलेलं आहेच. एवढ्या ओझ्यावर थ्रॉटल पूर्ण उघडून मीटर ४,८०० वर अडकला, तर पंखा जड आहे. पिच एक इंचानं कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. म्हणजे दोन इंच कमी पिचचा पंखा लावला की गाडी ५,१०० ते ५,२०० वर येईल. मोटरला मीटर नसेल तर प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटरही मिळतो.

पण पंखा बदलला म्हणून बोटीची क्षमता वाढत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बोटीच्या पाटीवर जो आकडा लिहिलाय, त्याच्यापुढे एकही माणूस नाही.

आपल्या पाण्यात काय चालतं?

आपल्या नद्या-धरणांत दगड, बुडालेल्या बाभळी, तुटलेली जाळी, पाणवनस्पती सगळं असतं. स्टीलचा पंखा ताकदवान आणि टिकाऊ, पण महाग. जोरात आदळला तर धक्का गिअरपर्यंत जाऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा वाकतो, पण स्वस्तात बदलता येतो. म्हणून असल्या पाण्यात तोच सोयीचा. चार पात्यांचा पंखा जड ओझ्याला पकड चांगली देतो, वरचा वेग मात्र थोडा जातो. आणि मोटर फार उंच बसवली तर पंखा हवा ओढतो: इंजिन ओरडतं, बोट हलत नाही. पंखा बदलण्याआधी ही उंची एकदा तपासा.

पावसाळ्याआधी एवढं करा

• पूर्ण ओझ्यावर चाचणी घ्या, फेरे वहीत लिहून ठेवा.
• जादा पंखा, नट, पिना आणि पाना बोटीतच ठेवा. पुरात दुकान उघडं नसतं.
• पात्याची कड वाकली किंवा तुटली असेल तर पंखा बदला. थरथर वाढली की गिअरचं नुकसान होतं.
• पंख्यात दोर किंवा झाडी अडकली तर आधी मोटर बंद, मग हात.
• पाण्यातल्या माणसाला बोटीत घेताना मोटर बंदच हवी. फिरतं पातं माणूस ओळखत नाही.
• मोटर बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला बांधलेली असू द्या.

तुमच्या तालुक्यात बचावाची बोट असेल, तर मे महिन्यात परवानगी घेऊन पथकासोबत एक दिवस धरणावर घालवा. पंख्यावरचे दोन आकडे वाचा, नऊ कट्टे भरा, मीटर बघा. पूर आल्यावर यातलं काहीच तपासायला वेळ मिळत नाही.